दादाच्या हातातला तोरा

आमच्या सिनेगॉगमधल्या, म्हणजे प्रार्थनाघरातल्या, जुन्या तोराचे दांडे कुणी केले, ते मला विचारू नका. म्हणजे विचारा, पण एकदाच. दुसऱ्यांदा विचारलंत तर उत्तर वेगळं येईल. थोरल्या नातीला मी सांगितलंय की ते लाकूड बुडालेल्या जहाजाच्या डोलकाठीचं आहे आणि समुद्र खवळला की अजूनही हाताला ओलसर लागतं. धाकटीला सांगितलंय की ते एका राजाच्या पलंगाचे खूर होते. राजाला झोप लागेना, कारण लाकूडच रात्रभर प्रार्थना पुटपुटायचं, म्हणून वैतागून त्याने ते देऊन टाकले. दोघी एकत्र आल्या की भांडतात आणि मी स्वयंपाकघरात निघून जाते.

एवढं मात्र खरं की दांडे देखणे आहेत. काळसर, अक्रोडाचं जड लाकूड. मुठीपाशी द्राक्षाची वेल कोरलेली, वर डाळिंबाची बोंडं. मूठ संपते तिथे थाळीएवढी लाकडी चकती, तिच्यावर शिंपल्याचं जडावकाम आणि मधोमध सिंह. सिंहाचा चेहरा असा, की त्याला कुणीतरी जेवणावरून उठवलंय.

ज्यांनी तोरा बघितला नसेल त्यांना सांगते. हे आम्हा ज्यूंचं धर्मपुस्तक, पण पानं उलटायचं नाही. कातड्याचे तुकडे शिवून केलेली लांबच लांब पट्टी, तिच्यावर हाताने लिहिलेली अक्षरं, आणि दोन्ही टोकांना एकेक दांडा. वाचत जायचं तसं एका दांड्यावरून सोडायचं, दुसऱ्यावर गुंडाळायचं. एक अक्षर कमी पडलं किंवा एक जास्त झालं, की अख्खा तोरा बाद. कुणी तो वाचायचा नाही.

शनिवारी वाचन झालं की एकजण तो उघडा तोरा दोन दांड्यांना धरून डोक्याच्या वर उचलतो, चहूबाजूंना फिरून सगळ्यांना अक्षरं दाखवतो. तो खाली बसेपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं. हा उचलण्याचा मान आमच्याकडे कित्येक वर्षं एकाच माणसाचा. माझ्या थोरल्या भावाचा.

दादाचं फर्निचरचं दुकान होतं. गिऱ्हाइकासमोर हा लोखंडी कपाट एकटा पाठीवर घ्यायचा आणि विचारायचा, "कुठे ठेवू?" गिऱ्हाईक घाबरून किंमत न विचारता पत्ता सांगायचं. दुकान कधीच विकलं, पण ऐट तशीच राहिली. वहिनी म्हणायची, "आपल्याकडे तोरा दोन. एक कपाटात ठेवतात, दुसरा माझ्याशेजारी झोपतो."

तर त्या वहिनीनेच एका दुपारी मला बाजूला घेतलं.

"वन्सं, तुमच्या भावाला बशी धरता येत नाही. चहा निम्मा पायजम्यावर. डावा हात थरथरतो."

"डॉक्टरकडे नेलंस?"

"गेलो. डॉक्टर म्हणाले, वय झालं. हे म्हणाले, तुमचं झालं असेल."

वाचनाचं वर्ष नुकतंच सुरू झालेलं; अख्खा तोरा वर्षभरात वाचून संपवायचा, आणि आमची अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात. वर्षाच्या सुरुवातीला सगळं वाचायचं बाकी असतं, म्हणजे सगळा भार डाव्या दांड्यावर. आणि दादाचा डावाच हात.

आता रिवाज काय आहे ते ऐका. तोरा हातातून पडला, तर ज्यांनी ज्यांनी तो पडताना पाहिला त्या सगळ्यांनी चाळीस दिवस उजेडी काही खायचं नाही. पाडायचा एकाने, पोट सगळ्यांचं रिकामं.

आम्ही बायका वरच्या गॅलरीत बसतो. तिथून देव किती दिसतो सांगता येत नाही, पण टकलं सगळी दिसतात. पुढच्या शनिवारी दादाने तोरा उचलला तेव्हा मी टकलं बघत होते. तोरा डावीकडे कलला, कातडं पडद्यासारखं हललं, आणि खालची सगळी टकलं एकदम मागे सरली. बेकरीवाल्याने तर दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. नंतर मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "ज्याने बघितलंच नाही त्याला उपास नाही." अहो, तो वर उचलतात कशाला? सगळ्यांनी बघावा म्हणून! पण पुढच्या खेपेला बघते तर अर्धी सभा डोळे मिटून उभी. आणि दादाला वाटलं, लोकांची भक्ती वाढली.

शेवटी बैठक बोलावली. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, कारण ते आमचे अध्यक्ष. भिंतीवर किडक्या दाढांची चित्रं, त्याखाली आम्ही रांगेत बसलेलो, जणू आमचाच नंबर येणार होता. मला बोलावलं, कारण कुणीतरी दादाला सांगायला हवं होतं, आणि माझ्या जिभेला हाड नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं.

"ताई, तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाले. "बहिणीचं ऐकतील."

"माझं? लहानपणापासून तो मला थापाडी म्हणतो. मी म्हटलं घराला आग लागलीय, तर आधी शेजाऱ्यांना विचारून येईल. तुम्ही सांगा. दिवसाला दहा दाढा उपटता, एक माणूस बाजूला काढता येत नाही?"

"दाढेला भूल देता येते हो."

बेकरीवाला म्हणाला, "मला त्यांच्या मानाबद्दल आदरच आहे. पण माझं दुकान पावाचं. चाळीस दिवस मी दिवसभर ताज्या पावाच्या वासात बसायचं आणि खायचं नाही? त्यापेक्षा मला भट्टीत घाला."

"मग तुम्ही सांगा."

"मी? मागे एकदा मी त्यांना नुसतं विचारलं, खांदा दुखतो का. त्यांनी मला खुर्चीसकट उचललं."

असं सगळं फिरून फिरून माझ्यापाशी यायला लागलं, तेवढ्यात सुतार बोलला. हा माणूस वर्षात चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन आमच्या वाट्याला आली. "कातडं हलकं करता येत नाही. दांडे करता येतील."

सगळ्यांना एकदम इतका आनंद झाला, की दादाला कुणीतरी खरं सांगावं हा मुद्दाच बारगळला. माणसाला खरं सांगण्यापेक्षा अडीचशे वर्षांचे दांडे बदलणं आम्हाला सोपं वाटलं. (अडीचशे मी म्हणते. डॉक्टर दीडशे म्हणतात. पण सांगायची वेळ आली की मलाच बोलावतात.)

दांडे पॉलिशला पाठवायचेत, असं दादाला सांगितलं. सुतारानं हलक्या, आतून पोकळ लाकडाचे हुबेहूब दांडे केले. वेल तीच, डाळिंबं तीच. सिंहाचा चेहरा फक्त फसला. तो अगदी डॉक्टरांसारखा झाला, पेशंटला "दुखणार नाही" सांगतानाचा. तोराचं कातडं दांड्याला शिवायचं काम लेखनिकाचं, म्हणजे जो हे तोरा लिहितो, दुरुस्त करतो त्याचं. शहरात लेखनिक एकच, आणि तो अतिशय सरळ माणूस. म्हणाला, "शिवून देतो. दांड्याच्या वजनाबद्दल नियम नाही. पण मी खोटं बोलणार नाही. मला विचारलं तर खरं सांगेन." त्या दिवसापासून दादा समोरून आला की लेखनिक रस्ता ओलांडायचा. एकदा तर सरळ बायकांच्या चपलांच्या दुकानात शिरला.

जुने दांडे गोधडीत गुंडाळून माझ्या पलंगाखाली ठेवले.

तो शनिवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. दादा पुढे झाला. तोरा निम्मा टेबलाच्या कडेबाहेर ओढला, गुडघे वाकवले, मुठी खाली दाबल्या, छाती भरून श्वास घेतला. सवयीने त्याने लोखंडी कपाटाचा जोर लावला. आणि पिंजऱ्यातून कबुतर सुटावं तसा तोरा वर गेला! वरच्या दिव्याची साखळी खणखणली. दादा दोन पावलं मागे गेला, सावरला, आणि वर बघतच राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ना, ते मी त्याच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. वहिनीला विचारा.

तो फिरला. पुन्हा फिरला. तिसऱ्यांदा फिरला. खाली बसेचना. आणि तो बसत नाही तोवर कुणीच बसायचं नाही.

"आता पुरे की," वहिनी शेजारी पुटपुटली. "पंखा आहे का हा?"

त्या दिवसापासून आमचे हाल सुरू झाले. दर शनिवारी दादा जास्तच वेळ तोरा धरून उभा राही. म्हाताऱ्यांचे गुडघे धरले, बेकरीवाल्याच्या पायाला गोळे आले. बाहेर आल्यावर दादा पायरीवर उभा राहून आरोग्यावर भाषण देई. "पहाटे उठायचं. कोमट पाणी. खुर्चीला टेकायचं नाही. वय हे डोक्यात असतं, डॉक्टर, तुमच्या डोक्यात फार आहे." डॉक्टर मान डोलवायचे. बिचारे करणार काय? सिंह मात्र हसतोय असं दादाला एकदा वाटलं होतं. मी म्हटलं, पॉलिशने उजळलाय.

हे इथवरच थांबलं असतं तर मी काही बोलले नसते. पण कीर्ती पसरली. शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठं सिनेगॉग आहे. पितळी कठडे, लाल गालिचा, आणि अध्यक्ष घड्याळांचे व्यापारी. हा घड्याळवाला एकदा आमच्याकडे पाहुणा आला होता. त्याने दादाला तोरा भिंगरीसारखा फिरवताना बघितलं आणि आपल्याकडे तोरा उचलायला बोलावलं. खास मान म्हणून.

मी वहिनीला म्हटलं, "त्याला ताप आणव."

"कसा?"

"मला काय माहीत? एवढी वर्षं संसार केलास!"

पण दादा गेला. आम्ही सगळे मागोमाग. तिथल्या गॅलरीतून मी बघत होते. दादाने बाह्या सारल्या, त्यांचा तोरा कडेला ओढला, मुठी दाबल्या. तोरा हलला नाही. पुन्हा दाबल्या. टेबल करकरलं. त्याचा डावा खांदा मला दिसत होता, थरथरणारा. तिसऱ्यांदा जोर लावला असता तर तोरा खाली आला असता आणि दोन सिनेगॉग एकदम उपाशी राहिली असती.

दादाने हात काढले. मागे सरकला, तोराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ह्याच्यात काहीतरी जास्त लिहिलंय."

आता बघा, दुसरा कुणी असता तर म्हणाला असता पाठ भरली. पाय घसरला. पण आमच्या दादाला उचलता आला नाही म्हणजे दोष तोराचा!

"काय म्हणालात?" घड्याळवाला पुढे आला.

"अक्षरं जास्त आहेत. आमचाही जुनाच तोरा, मी फुलासारखा उचलतो. इतका जड तोरा बरोबर असूच शकत नाही. तपासून घ्या."

मग जे पेटलं! घड्याळवाला म्हणाला, आमच्यात जास्त नाही, तुमच्यात कमी असेल. तुमचा भिंगरीसारखा फिरतो तेव्हाच मला शंका आली होती. एखादं अख्खं प्रकरण गळालं असेल आणि तुम्ही वर्षानुवर्षं बाद तोरा वाचताय! त्यांचे लोक आमच्याकडे असे बघायला लागले, जणू आमची लग्नंसुद्धा लागलेली नाहीत.

ठरलं. दोन्ही तोरा लेखनिकाने तपासायचे, आणि मग सगळ्यांसमोर वजन करायचं.

पुन्हा दाढांखाली बैठक. अक्षरं बरोबर निघतील, पण वजन? हलके दांडे ठेवले तर तोराचं नाव जाणार. खरं सांगितलं तर दादाचं. डॉक्टरांनी पहिल्यांदाच अध्यक्षासारखं तोंड केलं आणि म्हणाले, "तोरा आधी." लेखनिकाला तपासण्यासाठी दांडे सोडवावेच लागणार होते. त्याने परत शिवताना जुने जड दांडे शिवले, आणि पलंगाखाली आता हलके आले. शिवताना सबंध वेळ तो पुटपुटत होता. प्रार्थना नव्हती ती, मी जवळ जाऊन ऐकलंय.

वजन रविवारी झालं. बेकरीतला पिठाच्या पोत्यांचा काटा आणला, धुतलेली चादर अंथरली. लेखनिकाने सांगितलं, दोन्हींत एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. मग दोन्ही तोरा आपापल्या मखमली अंगरख्यात काट्यावर चढले. आमचा त्यांच्याहून जड भरला! आमच्या लोकांनी घड्याळवाल्याला इतक्या मिठ्या मारल्या, की तो रागावलाय हे त्याला सांगताच येईना.

दादा मात्र काट्याकडे बघत उभा होता. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली, तरी वळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आला. चहा दिला, त्याने घेतला नाही. टेबलावर ठेव म्हणाला.

"थापाडे, आपला जास्त जड. मग मला त्यांचा का नाही उचलता आला?"

मी त्याच्याकडे बघितलं. येत्या शनिवारी हा त्या जड तोराला कबुतर समजून हात घालणार होता. पाडला असता तर उपासाचं मला काही नाही, या वयात भूक तशीही कमीच. पण सगळ्यांदेखत पाडल्यावर हा परत पायरीवर उभा राहिला नसता. म्हणून मी सगळं सांगितलं. दवाखाना, सुतार, पोकळ दांडे, लेखनिक चपलांच्या दुकानात का शिरला, सगळं. एक शब्द पदरचा घातला नाही. आयुष्यात इतकं कोरडं मी कधी बोलले नव्हते.

दादाने ऐकून घेतलं आणि हसायला लागला.

"पोकळ दांडे! आणि आहेत कुठे ते?"

"माझ्या पलंगाखाली. वाक आणि बघ."

"खुळा आहे मी? लहानपणी म्हणालीस पलंगाखाली अस्वल आहे. वाकलो, तर पाठीवर बसलीस."

"अरे, खरंच आहेत!"

"अस्वलही खरंच होतं." तो उठला. "म्हातारी झालीस तू. थापेत पूर्वीचा दम राहिला नाही. राजा नाही, जहाज नाही. सुतार काय, दातांचा डॉक्टर काय! असल्या माणसांची कुठे गोष्ट होते?"

आणि हसत हसत गेला. चहा तसाच राहिला.

शनिवारी मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी. खाली बेकरीवाल्याने आधीच डोळे मिटलेले. दादा पुढे झाला. तोरा कडेला ओढला. गुडघे वाकवले, मुठी दाबल्या.

तोरा हलला नाही.

दादा तसाच वाकलेला राहिला. मुठी हातात, डोळे त्या जेवणावरून उठवलेल्या सिंहावर. मग मान हळूच वर झाली आणि त्याने थेट माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मी मान हलवली. हो रे बाबा. हो.

डॉक्टरांच्या टकलावरचा घाम मला वरून दिसत होता.

दादाने तोरा परत टेबलावर नीट सरकवला. ताठ झाला. वळला.

"डॉक्टर, या इकडे."

"मी?"

"मग कोण? मी मेल्यावर शिकणार? इतके महिने फिरून फिरून दाखवतोय, एकाच्या डोक्यात शिरलं नाही. सगळे डोळे मिटून उभे! मला काय दिसत नाही होय? या. बाह्या सारा."

डॉक्टर आले. पाय त्यांचेच होते, पण उसने वाटत होते. त्यांनी मुठी धरल्या आणि त्यांचे दोन्ही हात असे थरथरायला लागले, की दादाचा डावा त्यापुढे दगडासारखा स्थिर.

"कमरेतून नाही, गुडघ्यातून! मुठी खाली दाबा. दाबा! दाढ उपटायची नाहीये, ओढू नका. आता उठा. उठा!"

तोरा उठला. डावीकडे कलला, तशी दादाने आपला उजवा खांदा दांड्याखाली दिला, अगदी सहज, जणू तो नेहमी तिथेच उभा राहतो. डॉक्टर फिरले. दादा त्यांच्याबरोबर फिरला. सगळ्यांनी अक्षरं बघितली. बेकरीवाल्यानेही, कारण दादाने त्याला नाव घेऊन डोळे उघडायला लावले.

डॉक्टर लगेच बसले, आणि आम्हीही सगळे बसलो. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा वेळेवर बसलो.

बाहेर दादा पायरीवर उभाच होता. पुढचा शनिवार कुणाचा, त्यापुढचा कुणाचा, हे तो ठरवून टाकत होता. कुणाला विचारत नव्हता. घड्याळवाल्यालाही शिकवायला बोलावणार म्हणाला. लोक पांगले तेव्हा मी खाली उतरले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुन्हा कधी मला वाचवायचं असलं ना, तर नीट थाप मार. तू खरं बोललीस आणि मी फसलो."

"काय थाप मारायला हवी होती?"

त्याने डावा हात कोटाच्या खिशात घातला आणि जरा विचार केला.

"म्हणायचं, लाकूड डोलकाठीचं आहे. समुद्र खवळला की जड होतं."

"विश्वास ठेवला असतास?"

"नसता ठेवला," दादा म्हणाला. "पण वाकून बघितलं असतं."